‘खळे’ शब्दाचे अर्थ व उपयोग

सातारा व सांगली (१९४९ ते १९६० ह्या काळात ‘दक्षिण सातारा’) ह्या जिल्ह्यांत ‘खळे’ म्हणजे प्रथमतः मळणीची जागा. त्याचे मूळ संस्कृत ‘खल’. तो शब्द ह्याच अर्थाने ऋग्वेदातही येतो. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या रब्बी ज्वारीच्या मुलखात जमीन चोपून व शेणाने सारवून मध्ये तिवडा रोवीत आणि त्याभोवती बैलांची पात फिरे. बलुतेदारांचा वाटाही पुष्कळदा तेथेच मोजला जाई. तेव्हा खळे हे नुसते वर्तुळ नव्हे. मधला खांब, भोवतीचा फेरा व झाडून स्वच्छ केलेली भूमी ही तिन्ही त्यात आली.

चंद्राला ‘खळे पडते’ ते ह्या चित्रावरूनच, असे मानणे युक्त होय. उंचावरील विरळ ढगांतील षट्कोनी हिमस्फटिकांत प्रकाशाचे वक्रीभवन होऊन सुमारे २२ अंश त्रिज्येचे कडे उमटते, आणि त्याच्या आतील आकाश बाहेरच्याहून काळसर भासते; जणू सारवलेली जमीनच. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. ग्रीक ‘हॅलोस’ शब्दाचेही हेच दोन अर्थ असून मळणीच्या जागा बहुधा वाटोळ्या असतात, हे कारण सेनेकाने दिले आहे. येथे उसनवारी शोधण्याचे प्रयोजन नाही. बैल दोन्हीकडे वाटोळेच फिरत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ‘परिवेष’ हा ज्योतिषशास्त्राचा शब्द. मूर्तीमागची असते ती ‘प्रभावळ’. तिला खळे म्हणत नाहीत. मराठी शास्त्रीय लेखनात ‘परिवेष’ वा ‘प्रभामंडल’ योजून ‘खळे’ टाळणे मात्र अनाठायी वाटते. यंत्रांनी मळणी होऊ लागल्यावर सारवलेली खळी विरळ झाली, तरी चंद्राला अजून खळेच पडते.