कुंडीतला हिवाळा

जमिनीतल्या मुळांना खोलवरच्या मातीची ऊब मिळते. कुंडी मात्र चारही बाजूंनी गारठते. त्यामुळे युरोपात उष्ण प्रदेशातील रोपांच्या कुंड्या हिवाळ्यात घरात नेत व तिथेच कोळशाची शेगडी पेटवत. ऊब मिळे, पण धुराने व कोंदट हवेने रोपे कोमेजत.

लंडनच्या औषधविक्रेत्यांनी १६७३ मध्ये चेल्सी येथे औषधी वनस्पतींची बाग उभारली. १६८५ मध्ये जॉन एव्हलिन यांनी तिथे फरशीखालची भट्टी पाहिली. तिच्यामुळे कडाक्याच्या थंडीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येत. १६९१ मध्ये त्यांनी स्वतः एक हरितगृह सुचवले : भट्टी बाहेर, आणि तापलेली ताजी हवा नळ्यांतून आत.

ऑक्सिजनचा शोध तेव्हा सुमारे ८० वर्षे दूर होता. तरीही रोपाला उबेइतकीच स्वच्छ हवाही लागते, हे बागेतल्या निरीक्षणाने आधीच सांगितले होते.