पहारेकरी असूनही लुटलेली तिजोरी : बँक ऑफ बॉम्बेचे पतन

१/ मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला असेल. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांचे नाव एका बँकेच्या विनाशाशीही जोडलेले आहे. संचालक मंडळाचे उत्तरदायित्व म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी ही कथा वाचावी. 🧵

२/ बँक ऑफ बॉम्बेची स्थापना १८४० ची. सरकार स्वतः भागधारक होते आणि मंडळावर सरकारनियुक्त संचालकही बसत. त्यामुळे लोकांच्या दृष्टीने ही जवळजवळ सरकारी बँकच होती.

३/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, नवी बँक! बॅकबे रेक्लमेशनच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात पोहोचला.

४/ नेमक्या याच काळात, १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुने निर्बंध सैल केले. आता कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देता येऊ लागले. तारणाचे मोल मात्र सट्ट्यावर अवलंबून होते. म्हणजे वाळूवर पाया!

५/ बँकेचा दैनंदिन कारभार सचिवाच्या हाती होता आणि सचिवावर प्रेमचंद यांचा मोठा प्रभाव होता. पुरेशा तारणाविना मोठमोठी कर्जे दिली गेली. संचालकांनी सचिवाला आवर घातला नाही.

६/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईच्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या ढासळल्या.

७/ बँक ऑफ बॉम्बे तरीही काही काळ तगली, पण तिचे बहुतांश भांडवल बुडाले होते. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या लौकिकालाही या प्रकरणाचा डाग लागला.

८/ सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने कारणे नोंदवली : निर्बंध उठवणारा कायदा, दुर्बळ आणि तत्त्वशून्य सचिवांनी केलेला अधिकारांचा गैरवापर, अध्यक्ष व संचालकांची बेपर्वाई, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव आणि काळाचे असामान्य स्वरूप.

९/ या यादीत तेजीमंदी हे एकच कारण नाही, हे ध्यानात घ्या. वादळ सर्वांवर आले होते. पण येथे सुकाणूवर हात ठेवायला नेमलेली माणसेच स्वस्थ बसली होती. ठेवीदार सरकारकडे पाहून निर्धास्त, सरकार संचालकांवर विसंबून, संचालक सचिवावर. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी पाहतो आहे.

१०/ १८६८ मध्येच त्याच नावाची नवी बँक स्थापन झाली. १८७६ च्या कायद्यानंतर सरकारने प्रेसिडेन्सी बँकांतील आपली भागीदारी सोडली. पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँक आणि १९५५ मध्ये स्टेट बँक.

११/ आजही एखादी बँक अडचणीत आली की आपण बुडव्या कर्जदाराचे नाव शोधतो. इतिहासाचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतो : कर्ज मंजूर झाले तेव्हा मंडळाच्या खुर्च्यांवर कोण बसले होते, आणि त्यांनी काय विचारले?