अदत्तादान आणि आमचा जुना संगणक



पर्युषणात संध्याकाळच्या प्रतिक्रमणात आपण बारा व्रतांचे अतिचार म्हणतो. इतकी वर्षे म्हणून ते जिभेवर बसले आहेत, पण लक्ष कधी असते, कधी नसते. २०१९च्या पर्युषणात माझे लक्ष तिसऱ्या व्रतापाशी अडकले. तिसरे व्रत म्हणजे अदत्तादान विरमण, जे कोणी दिलेले नाही ते न घेणे. त्याचा पहिलाच अतिचार चोरीचा माल घेण्याचा आहे. पुढे खोटी वजने-मापे आणि नकली मालाचा व्यवहारही येतो. आमचे घर व्यापाऱ्याचे. तराजू खरा, मापे खरी, म्हणून तिसऱ्या व्रताची मला कधी धास्ती वाटली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र घरातला संगणक आठवला.

तो आम्ही २०१२ मध्ये नगरलाच जोडून घेतला. जोडून देणाऱ्याने त्यात विंडोजही घालून दिले आणि बिलात त्याचा एक रुपयाही लावला नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. बिलात नसलेली वस्तू घरात आली तर ती कुठून आली, हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसे होते. सात वर्षे त्याच संगणकावर मी महिला मंडळाचा हिशोब लिहिला आणि आयंबिलाच्या याद्या छापल्या.

दिवाळीत पुण्याहून बहिणीचा मुलगा आला, त्याला हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, “मासी, दोन रस्ते आहेत. पैसे भरून परवाना घ्या, नाहीतर लिनक्स टाकू. तुमच्या जुन्या मशीनला लिनक्सच झेपेल.” किंमत विचारली तर म्हणाला, काही नाही. मी म्हटले, “म्हणजे पुन्हा फुकटचेच की!” त्यावर तो म्हणाला, “फुकटचं नाही मासी, दिलेलं आहे. ज्यांनी बनवलं त्यांनी तसं लिहून दिलंय.”

हे लिहून देणारे कोण, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. मला जे कळले ते इथे मांडते.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातला कारभारी. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, साठवलेली कागदपत्रे या सगळ्यांकडून तीच काम करून घेते. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत होते. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी स्वतः सुधारला होता, पण या नव्याचा मूळ मजकूर कोणी दाखवायला तयार होईना. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या कामाची घोषणा केली. वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि दुसऱ्याला द्यावा, असा संपूर्ण कारभारी बनवायचे त्यांनी ठरवले. पुढे त्यासाठी एक परवानाही लिहिला. त्याची अट अशी की सुधारलेली प्रत तुम्ही दुसऱ्याला दिलीत तर याच मोकळिकीसह द्यायची, तिला कुलूप लावायचे नाही.

त्या कामात गाभ्याचा भाग, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र तयार होत नव्हता. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने तो हौसेने लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी त्यानेही तो त्याच परवान्याखाली सर्वांना दिला. ग्नूचे भाग आणि लिनसचा गाभा मिळून पूर्ण कारभारी झाला. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही हाच लिनक्स आहे.

हे सगळे भाग नीट जुळवून लोकांना द्यायचे काम १९९३ मध्ये इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने सुरू केले. त्याने नाव ठेवले डेबियन. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव आधी आणि मग स्वतःचे. ती पुढे त्याची पत्नी झाली. डेबियन कुठल्याही कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरातले स्वयंसेवक ते सांभाळतात आणि दरवर्षी मतदान करून आपला प्रमुख निवडतात. २०२३ मध्ये त्यांचे वार्षिक संमेलन आपल्या देशात, कोचीला भरले होते. याच डेबियनवरून २००४ मध्ये उबुंटू झाले आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेने बनवलेली ‘बॉस’ ही प्रणालीसुद्धा डेबियनच्याच पायावर उभी आहे.

हे वाचताना मला लोंकाशाहांची आठवण झाली. पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा दिलेल्या मैत्रिणींना ते माहीतच आहेत. पंधराव्या शतकात ते अहमदाबादला शास्त्रांच्या प्रती लिहून देत. परंपरा सांगते की प्रत लिहिता लिहिता त्यांनी मूळ वाचले, स्वतःसाठीही एक प्रत ठेवली, आणि मग प्रश्न विचारले. मूळ पाहता आले म्हणून प्रश्न विचारता आले. आपल्याकडे शास्त्राची प्रत लिहवून भांडाराला देणे हे पुण्याचे काम मानले जाई. एक प्रत दिली म्हणून मूळ कमी होत नाही. या मंडळींनी प्रोग्रामच्या बाबतीत तेच केले.

यात मराठीचा वाटाही आहे. पडद्यावर देवनागरी नीट उमटायची तर फॉन्ट लागतो, आणि तोही दिलेलाच हवा. ‘लोहित’ नावाचे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. मेन्यूतले शब्द मराठीत आणले ते भाषांतर करणाऱ्यांनी, आणि त्यातही पुण्याची माणसे होती. मी ‘सुऱ्या’ लिहिते तेव्हा तो आपला खास ऱ्य बरोबर उमटतो. त्यामागे कोणीतरी बसून काम केले आहे.

आता रोजच्या वापराचे. भाच्याने मिंटची हलकी आवृत्ती बसवली, तेव्हापासून तोच जुना संगणक चालतो आहे. मंडळाचा जमाखर्च मी लिब्रेऑफिसच्या तक्त्यात ठेवते. बेरजा, टक्केवारी, वर्षअखेरचा ताळेबंद सगळे होते. पच्चक्खाणाच्या याद्या मराठीत टाइप करते. फायरफॉक्समध्ये प्रवचने ऐकते, नातीशी बोलते. अपडेट आल्याची खूण दिसली की पासवर्ड देऊन ते करून घेते.

अडचणी आल्या. जुना प्रिंटर चालू करायला भाच्याला दोन रविवार लागले. दुकानाचे हिशोबाचे सॉफ्टवेअर तर मिंटवर चालेना. यांनी सरळ दुकानासाठी परवान्याचे विंडोज विकत घेतले, त्याचे बिल फाइलला लावले. तेही दत्तच आहे. पैसे देऊन घेतलेले दत्त, आणि देणाऱ्याने आपणहून दिलेलेही दत्त. पण दुसऱ्या प्रकारात आपल्यावर काहीतरी उरते असे मला वाटते. साधूंना गोचरी देताना आपण दात्याचा भाव पाहतो. इथे तर आपणच घेणारे आहोत, आणि देणाऱ्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत.

म्हणून मी जमेल तेवढे करते. भाच्याकडून दोन पेनड्राइव्हवर मिंट घेऊन ठेवले आहे. मंडळातल्या तिघींच्या घरचे जुने संगणक त्यावर सुरू झाले, नाहीतर ते भंगारात जाणार होते. वर्षातून एकदा, ज्ञानपंचमीला, थोडी रक्कम मिंटला पाठवते.

तुमच्या घरी संगणक असेल तर एकदा त्याचे बिल काढून पाहा. त्यात काय लिहिले आहे आणि काय नाही, ते तपासा. मी सात वर्षे पाहिले नव्हते. त्याचे मिच्छामि दुक्कडं.