बऱ्हाणपूरची बोलणी

आम्हां बऱ्हाणपूरकर मराठी कुटुंबांत असीरगडाचे नाव निघाले की लढायांच्या गोष्टी रंगतात. बोलण्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. वास्तविक १८०३ साली हे शहर हातचे गेले, त्याचे मूळ तोफांपेक्षा मराठी दौलतीच्या फसलेल्या वकिलीत आहे, असे आम्हांस वाटते.

उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये निजामाकडून बऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांना मिळाले. पुढे ते शिंद्यांकडे आले. १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणी शिंदे, होळकर व भोसले पेशव्यांच्या निशाणाखाली उभे राहिले. असा योग पुन्हा आला नाही. १८०० मध्ये नाना फडणवीस निवर्तले. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले गेले आणि यादवीस धार चढली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीरावांनी वसई गाठली आणि ३१ डिसेंबरच्या तहाने तैनाती फौज पत्करून परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकारच सोडला.

फेब्रुवारी १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या बऱ्हाणपूरनजीकच्या छावणीत रेसिडेंट कर्नल कॉलिन्स दाखल झाला. वसईचा तह मान्य आहे की नाही, एवढाच त्याचा सवाल होता. रघूजी भोसल्यांची भेट झाल्यावर काय ते सांगू, असे म्हणत दौलतरावांनी उत्तर लांबवले. भोसले आले, यशवंतराव मात्र माळव्याकडे वळले, ते आलेच नाहीत. आधी कोणाच्या फौजेने मागे हटावे, यावर बोलणी अडली. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ऑक्टोबरच्या मध्यास बऱ्हाणपूर आणि २१ तारखेस असीरगड इंग्रजांच्या हाती गेला.

पराभवानंतरही बोलणी वेगवेगळीच झाली. भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावी, शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी तह केला. होळकरांचा तह १८०५ च्या डिसेंबरात राजघाटी झाला. सुर्जी-अंजनगावच्या तहाने बऱ्हाणपूर व असीरगड शिंद्यांना परत मिळाले. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच व अहमदनगर मात्र गेले.

आपले शहर एका कलमाने परत आले, याचे समाधान आपल्या पूर्वजांना वाटलेही असेल. परंतु ते देणारा हात परक्याचा होता. घरात एकमेकांशी न बोलणाऱ्यांच्या वतीने शेवटी तिसराच बोलतो, हे बऱ्हाणपूरने तेव्हा पाहिले. आपण ते विसरू नये.