लिंबाएवढा डिफरन्शियल

बैलगाडीला वळणाची फारशी चिंता नसते. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. गाडी डावीकडे वळली, की उजवे चाक लांबचा फेरा घेते आणि डावे थोडक्यात आटोपते. पंचाईत होते ती चाकांनाच जोर लावायचा असतो तेव्हा. दोन्ही चाके एकाच सलग आसाने फिरवली, तर वळणावर एकाला घासत जावे लागते. या पेचातून सोडवणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. एसटीच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात तो बसलेला असतो. आज मात्र मी बोलणार आहे तो लिंबाएवढ्या डिफरन्शियलबद्दल. रेडिओलहरींवर धावणाऱ्या, हातभर लांबीच्या शर्यतीच्या गाड्यांत तो असतो.

आधी थोडा थोरल्या भावाचा इतिहास. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलची रचना केली. पुढे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांना तीच गरज भासली, तीही सायकलपायी. हे गृहस्थ आधी शिलाई यंत्रांच्या धंद्यातले. ते आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसून एक वाहन पायडलने चालवत होते. मुलाचा जोर जास्त, म्हणून गाडी एका बाजूला ओढली जाऊन रस्त्याकडेला कलंडली, असे सांगतात. १८७७ मध्ये स्टार्लींनी दोघांचा जोर सारखा वाटणारी दातेरी चक्रे तीनचाकीला बसवली. मोटारगाडी आली तेव्हा हे यंत्र तयारच होते.

१९६६ मध्ये इटलीतल्या एल-जी या कंपनीने फेरारीची एक-बारांश आकाराची रेडिओनियंत्रित गाडी बाजारात आणली. १९७६ मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ आणली आणि हा छंद घरोघरी पोचू लागला. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत मागचा आस सलगच असे. गुळगुळीत डांबरी मैदानावर ते खपून जाई. पण १९८० च्या दशकात या गाड्या मातीत उतरल्या, उड्या मारू लागल्या आणि डिफरन्शियलचा जुना दोष उघडा पडला.

हा दोष शेतकऱ्याला सांगायला नको. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचे एक चाक जागच्या जागी गरगरते आणि दुसरे स्वस्थ उभे असते. ज्या चाकाला पकड नाही, तिकडेच डिफरन्शियल सारी धाव सोडून देतो. म्हणून ट्रॅक्टरला तो जखडून ठेवणारा पायटा देतात. शर्यतीच्या गाडीत पूर्ण जखडून चालत नाही, कारण मग ती वळणावर हट्टी होते. पूर्ण मोकळा ठेवूनही चालत नाही. मोकळा किती आणि जखडलेला किती, हाच या छोट्या यंत्राच्या इतिहासातला खरा प्रश्न.

त्यावरचे एक उत्तर म्हणजे बॉल डिफरन्शियल. अमेरिकेच्या टीम असोसिएटेडने १९८४ मध्ये आरसी१० गाडी काढली. तिला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जी 'स्टेल्थ' गिअरपेटी मिळाली, तीत तो होता. मुख्य चक्राला गोल भोके, त्यांत पोलादी छर्रे आणि दोन्ही बाजूंनी दोन चपट्या, गुळगुळीत कड्या. मधून जाणारा एक स्क्रू या कड्या छर्‍यांवर दाबून धरतो. येथे दाते नाहीत, जोर पोचतो तो केवळ घर्षणाने. एक कडी मंद झाली, की छर्रे जागीच फिरून दुसरीला पुढे ढकलतात. स्क्रू आवळा, पकड वाढते. सैल करा, गाडी वळणात मऊ होते. माझ्या मते यंत्रशाळेतल्या अनेक तासांपेक्षा हा एक स्क्रू जास्त शिकवतो.

पण त्याची निगा म्हणजे तान्ह्या बाळाची निगा! स्क्रू सैल राहिला, तर छर्रे फिरण्याऐवजी घसरतात, कड्यांवर चरे पडतात आणि छर्रे एका अंगाने चपटे होतात. फार आवळला, तर नट ज्यात बसतो ते प्लॅस्टिकच फाटते. म्हणून ठरावीक शर्यतींनंतर सगळे उलगडायचे. कडी सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर, इंग्रजी आठाचा आकडा काढत घासायची. दुसरी बाजू कोरी असेल तर सरळ उलटवायची. छर्‍यांना सिलिकॉनचे पारदर्शक ग्रीस द्यायचे आणि स्क्रूच्या टोकाशी असलेल्या चिमुकल्या थ्रस्ट बेअरिंगला काळे मॉलिब्डेनमचे. नवशिके येथे हमखास अदलाबदल करतात, आणि काळे ग्रीस छर्‍यांना लागले की पकड गेलीच समजा. मग दोन्ही मागची चाके हातात घट्ट धरून मुख्य चक्र अंगठ्याने फिरवून पाहायचे. ते सहज सरकता कामा नये. गाडीला स्लिपर क्लच असेल, तर आधी त्याने घसरायचे, डिफरन्शियलने नव्हे. असे का, हे ध्यानात आले की अर्धी दुरुस्ती शिकून झाली.

दुसरे उत्तर जुन्याच दातेरी डिफरन्शियलचे, पण आत सिलिकॉन तेल भरलेले. एक-अष्टमांश आकाराच्या मोठ्या बग्ग्यांत पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफरन्शियल असतात. प्रत्येकात वेगळ्या दाटपणाचे तेल, उदाहरणार्थ पुढे व मध्ये ५,००० आणि मागे ३,००० सेंटिस्टोक. पाण्याचा दाटपणा साधारण १, यावरून अंदाज यावा. २०१० नंतर छोट्या डांबरी गाड्यांतही हीच पद्धत परतली. कारण सरळ होते : छर्‍यांची रोजची मनधरणी कोणाला नको होती. निसरड्या मातीवर मात्र काही जण बॉल डिफरन्शियललाच धरून राहिले. त्याची हालचाल अधिक हळुवार असते.

तेलाच्या डब्यालाही उघडावे लागतेच. आतून करडे, पोलादाच्या भुकटीने गढूळ झालेले तेल निघते. चक्रे धुवायची, झिजलेला वायसर आणि ओ-रिंग बदलायची, तेल आडव्या पिना बुडेपर्यंतच भरायचे आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचे. काठोकाठ भरले तर तेल गरम होऊन सीलमधून बाहेर येते. झाकणाचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे आणि कोणते तेल घातले तो आकडा पेनाने झाकणावर लिहून ठेवायचा.