कोण कुणाकडे वाजवत होतं : जुजू संगीताची कुळकथा

एबेनेझर ओबे हे फताई रोलिंग डॉलर यांच्या बॅन्डमधून पुढे आले. सनी आडे मोझेस ओलाइया यांच्याकडे वाजवायचे. शिना पीटर्स आणि सेगुन अडेवाले हे दोघेही प्रिन्स अडेकुन्ले यांच्या बॅन्डमधले. नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या जुजू संगीताची वंशावळ अशी बॅन्डवरून लावावी लागते. कोण कुणाकडे वाजवत होतं आणि कधी बाहेर पडलं, एवढं समजलं की पन्नास वर्षांचा इतिहास बराचसा उलगडतो. या वंशावळीत नेत्यांची नावं ठळक आहेत. त्यांच्या मागे उभं राहून रात्रभर वाजवणाऱ्यांची नावं मात्र शोधावी लागतात, आणि माझ्या मते ही कुळकथा खरी त्यांचीच आहे.

मूळपुरुष म्हणून नाव घेतलं जातं ते टुंडे किंग यांचं. जन्म १९१० चा, लागोस बेटावरच्या ओलोवोगबोवो मोहल्ल्यातला. ही वस्ती मुख्यतः ‘सारो’ लोकांची. गुलामगिरीतून सुटून सिएरा लिओनला स्थायिक झालेल्या आणि तिथून लागोसला परतलेल्या कुटुंबांना सारो म्हणत. शिकलेली, कारकुनी-व्यापारात पुढे गेलेली ही मंडळी. शेजारीच ब्राझीलहून परतलेल्या ‘अगुडा’ लोकांची वस्ती होती. त्यांनी सांबा नावाचा चौकोनी डफ आणला होता. बंदरावर लायबेरियाचे क्रू खलाशी यायचे, ते अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी गिटार वाजवायचे. ताडीच्या गुत्त्यांत या सगळ्यांची गाठ पडायची, म्हणून त्या गाण्याला पामवाइन संगीत हे नाव पडलं. जुजू त्यातूनच निघालं.

टुंडे किंग दिवसा कारकुनी करायचे आणि संध्याकाळी वेस्ट बलोगुन स्ट्रीटवरच्या एका मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये मित्रांबरोबर गायला बसायचे. १९२९ च्या सुमारास त्यांचा तिघांचा मेळ होता, पुढे चौघांचा झाला. स्वतः किंग सहा तारांच्या गिटार-बॅन्जोवर, एक जण शेकेरेवर, एक डफावर, एक छोट्या ढोलावर. शेकेरे म्हणजे मण्यांची जाळी घातलेला वाळका भोपळा. या चौघांत डफवाला अहमीद लमिदी जॉर्ज लोकांच्या डोळ्यांत भरायचा. वाजवता वाजवता तो डफ हवेत भिरकवायचा आणि ताल न चुकवता झेलायचा. हा डफच ‘जुजू’. जुजू म्हणजे जादूटोणा, असा अर्थ परदेशी लेखक वर्षानुवर्षं लावत आले. पण संगीताला हे नाव या फेकाफेकीवरून आणि त्या डफावरूनच मिळालं, असं क्रिस्टोफर वॉटरमन यांनी जुन्या वादकांना भेटून लिहिलेल्या १९९० च्या ग्रंथावरून दिसतं, आणि ते मला पटतं. १९३६ मध्ये पार्लोफोन कंपनीने किंग यांचं गाणं तबकडीवर आणलं, तेव्हा जुजू हे नाव छापील झालं.

ते गाणं बैठकीचं होतं. श्रीमंताच्या दिवाणखान्यात, बारशाला किंवा मयतानंतरच्या रात्रभराच्या जागरणाला चार माणसं बसून गायची. आवाज चढा आणि संथ, शब्दांत यजमानाची आणि त्याच्या पूर्वजांची स्तुती. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे एरवी तासभर रंगणारी स्तुती तीन मिनिटांत आटपावी लागे. किंग पुढे व्यापारी जहाजावर गेले आणि नंतर कोनाक्री, डकारकडे राहिले. लागोसला परतले ते १९५४ मध्ये. तोवर त्यांचं संगीत ओळखू येऊ नये इतकं बदललं होतं.

हा बदल विजेने घडवला. अयिंडे बकारे १९३७ पासून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड करत होते. १९४९ मध्ये त्यांनी गिटारला मायक्रोफोन जोडून तिचा आवाज वाढवला. त्याच्या वर्षभर आधी अकांबी राइट यांनी जुजूत ‘गांगान’ हा बोलका ढोल आणला होता. वरवर पाहता गिटारला वीज जोडणं म्हणजे पाश्चात्त्य वळण वाटेल, पण घडलं उलट. दिवाणखान्यातल्या बॅन्जोचा आणि गायकाचा आवाज गांगानपुढे टिकला नसता. लाउडस्पीकर आल्यावर गायक वाट्टेल तेवढ्या ढोलांसमोर उभा राहू शकला. विजेमुळे जुजू अधिक योरुबा झालं.

गांगान जवळून पाहावा असा आहे. मधे निमुळता, दोन्ही तोंडांना कातडं आणि दोन्ही कातडी जोडणाऱ्या चामडी दोऱ्या. वादक तो खांद्याला अडकवून काखेत धरतो. दोऱ्या दाबल्या की कातडं ताणतं आणि सूर चढतो, हात सैल केला की उतरतो. दुसऱ्या हातात पुढून वाकलेली काठी. योरुबा ही सुरांची भाषा आहे. एकच अक्षर उंच, मध्यम किंवा खालच्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो. त्यामुळे गांगानवर सुरांचा चढउतार वाजला की ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. दारातून कुणी बडा पाहुणा आत येतो, वादक त्याची ‘ओरिकी’ म्हणजे बिरुदावली वाजवतो, आणि गायकाने तोंड उघडायच्या आधीच अख्ख्या मंडपाला कळतं की कोण आलं. सरावलेले गांगानवाले एवढ्या वेळात पाहुण्याच्या आजोबांपर्यंत पोचतात.

मग पैसे सुरू होतात. पाहुणा नाचत पुढे येतो आणि गायकाच्या, वादकाच्या घामेजल्या कपाळावर एकेक नोट चिकटवत जातो. नोटा खाली पडतात, त्या गोळा करायला बॅन्डचा एक माणूस पिशवी घेऊन उभाच असतो. तमाशात दौलतजादा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जितक्या नोटा तितकी बिरुदावली लांबते, आणि बिरुदावली लांबली की नोटा वाढतात. योरुबा समाजात अशा समारंभांना ‘ओवांबे’ म्हणतात. घरचे सगळे एकाच कापडाचे कपडे शिवतात, रस्ता अडवून मंडप घालतात, आणि रात्री दहाला सुरू झालेला बॅन्ड उजाडेपर्यंत थांबत नाही. नायजेरियाच्या २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्याने नोटा अशा उधळणं हा गुन्हा ठरवला, किमान सहा महिन्यांची कैद किंवा किमान पन्नास हजार नायराचा दंड. तरी ओवांबे चालूच आहेत.

जुजूला दिवाणखान्यातून घराघरांत नेलं ते आय. के. डायरो यांनी. जन्म १९३० चा. वडील सुतार, त्यांनीच सात वर्षांच्या मुलाला ढोल करून दिला. डायरोंनी हातावर पोट असलेली बरीच कामं केली आणि १९५७ मध्ये मॉर्निंग स्टार ऑर्केस्ट्रा काढला, तोच पुढे ब्लू स्पॉट्स झाला. त्यांनी ॲकॉर्डियन आणलं, चर्चमधल्या प्रार्थनांच्या चाली आणल्या, आणि गायकाच्या ओळीला साथीदारांनी एकसुरात उत्तर द्यायची पद्धत पक्की केली. इबादानचं टीव्ही केंद्र १९५९ मध्ये सुरू झालं, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतलं ते पहिलं. तिथल्या स्पर्धेत ते जिंकले. १९६३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई हा किताब दिला. नंतर नव्या पिढीने त्यांना मागे टाकलं, तेव्हा ते चर्चच्या कामात रमले. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवायला गेले आणि १९९६ मध्ये वारले.

१९६७ ते १९७० च्या गृहयुद्धाने लागोसचं चित्र पालटलं. तोवर शहराच्या क्लबांत हायलाइफ नावाचं नाचाचं संगीत वाजायचं आणि त्यातले कित्येक वादक पूर्व नायजेरियातले इग्बो. ते पूर्वेकडे निघून गेले आणि ती जागा जुजूने घेतली. पाठोपाठ तेलाचा पैसा आला, ओवांबे वाढले, सुपाऱ्या वाढल्या. ओबे यांनी आपल्या संथ, डौलदार शैलीला ‘मिलिकी’ म्हटलं. आडे यांनी गिटारांची संख्या वाढवली, पेडल स्टील गिटार आणली, ती अडेमोला अडेपोजू वाजवायचे. आता लाँग प्लेइंग रेकॉर्डची एक अख्खी बाजू एकाच न थांबणाऱ्या गाण्याला मिळू लागली. टुंडे किंग यांना तीन मिनिटांत आटपावं लागायचं ते आता पुन्हा सैल झालं. १९८२ मध्ये आयलंड कंपनीने आडे यांची ‘जुजू म्युझिक’ ही रेकॉर्ड जगभर काढली. पुढच्या वर्षीच्या ‘सिंक्रो सिस्टीम’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १९८४ च्या ‘ऑरा’त स्टीव्ही वंडर यांनी हार्मोनिका वाजवली.

आता मागे उभ्या असलेल्यांकडे येऊ. ॲम्प्लिफायर, गिटार, गाडी सगळं नेत्याचं. सुपारी नेत्याची, कपाळावरचे पैसे नेत्याचे. वादकांना बिदागी मिळायची, आणि पन्नाशीचा माणूस असला तरी त्याला बॅन्डचा ‘बॉय’च म्हणायचे. नेतेसुद्धा रेकॉर्ड कंपन्यांच्या हातून सुटले नव्हते. आडे यांना १९७४ मध्ये आपल्या कंपनीशी कोर्टात भांडावं लागलं, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. पण १९८४ मध्ये जपानच्या दौऱ्यात त्यांचेच वादक पैशांवरून बाहेर पडले. जगात नाव झालेल्या बॅन्डला त्याच वेळी तडा गेला. वादकांची बाजू मला न्याय्य वाटते. ज्या गांगानमुळे पाहुणा खिशात हात घालतो, त्या गांगानवाल्याचा त्या पैशांत वाटा असायलाच हवा होता.

१९८६ मध्ये नायराची किंमत घसरली, बाहेरून आणायची वाद्यं परवडेनाशी झाली. गिटारांशिवाय चालणारं फुजी संगीत पुढे आलं. शिना पीटर्स यांनी १९८९ मध्ये ‘एस’ या रेकॉर्डने जुजूला वेग देऊन तरुणांना परत आणलं, पण जुन्या मंडळींसाठी त्यात जागा नव्हती. ओबे धर्मप्रचारक झाले. बाकीचे बरेच विस्मरणात गेले.

त्यातलेच एक फताई रोलिंग डॉलर, ओबे यांना आपल्या बॅन्डमध्ये घेणारे. ते गिटार वाजवायचेच, शिवाय अगिडिग्बोही. ही लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी पट्ट्या, मांडीवर ठेवून बोटांनी छेडायची. पन्नासच्या दशकात ते लागोसमध्ये गाजत होते, नंतर कित्येक वर्षं त्यांचं नावही कुणी घेत नव्हतं. या शतकाच्या सुरुवातीला, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांचं ‘वन केरे सी नंबर’ हे गाणं लागलं आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं त्यावर नाचू लागली. लागोसच्या जॅझहोल या दुकानाच्या कुन्ले तेजुओशो यांनी अशा विसरलेल्या वादकांना ‘फाजी अगबा’ या नावाखाली एकत्र केलं. त्यात अयिंडे बकारे यांचे चिरंजीव सिनाही होते. २०११ मध्ये ही वयोवृद्ध मंडळी न्यूयॉर्कला वाजवून आली. रेमी वॉन-रिचर्ड्स यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट २०१५ मध्ये पूर्ण झाला, पण फताई तो बघायला राहिले नाहीत. १२ जून २०१३ रोजी ते गेले.

ज्यांना हे संगीत ऐकायचं आहे त्यांनी १९८५ च्या ‘जुजू रूट्स’ या संकलनापासून सुरुवात करावी, मग डायरो, मग ओबे, मग आडे. आणि प्रत्येक रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात वादकांची नावं छापलेली असतील, तर ती गाण्याआधी वाचावीत.