साखरेच्या बेटावरचं परस



अळू, शेवगा, पडवळ, दोडका ही आपल्या परसातली भाजी मॉरिशसच्या बाजारातही मिळते. तिथं पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात, शेवग्याचा पाला म्हणजे ‘ब्रेद मुरुम’. तमिळ बायका शेवग्याला मुरुंगै म्हणतात ना, तेच नाव. ‘मुरुम’ हे नाव आपल्या देशातून गेलेल्या माणसांबरोबर रुजलं.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं लहानसं बेट, उसाच्या मळ्यांचं. 1835 साली तिथली गुलामी उठली. पण मळेवाल्यांनी वर्षभर आधीच हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात केली होती. मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची कुटुंबंही गेली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. एका दिवसाचा खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापली जाई!

शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, तेल. हिरवं पान नाही. मग झोपडीच्या कडेला जागा मिळेल तिथं वेल चढला, अळू लागलं. कुणी गाय पाळली. घरची भाजी भागून उरली, तर ती विकता येई.

करार संपल्यावर अनेकांनी भाजीवरच पोट भरायचं ठरवलं. मळेवाल्यांना ते रुचलं नाही. मजूर पुन्हा उसातच यायला हवा होता. 1867 च्या कायद्यानं या जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायची सक्ती झाली. रस्त्यात तिकीट दाखवता आलं नाही, तर माणूस भटक्या ठरायचा आणि तुरुंगात जायचा. पाटीत भाजी असो नाहीतर काही असो.

1871 मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळेवाल्यानं मजुरांची बाजू घेतली. 9,401 जणांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि पुढच्याच वर्षी विलायतेहून चौकशी आयोग आला.

1880 नंतर साखरेचा भाव पडला, तेव्हा मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकायला काढली. ती घेतली याच लोकांनी. पैसा मजुरीतला, दुधाचा, भाजीचा. मला विचाराल तर तो गाठीला बांधून ठेवण्यात बायकांचा हात मोठा असणार, जरी मळ्याच्या वहीत त्यांची नावं फारशी नसली. जमिनीच्या कागदांवर मात्र काही ठिकाणी घेणारी म्हणून बाईचंच नाव आहे.